लियांगरावांचा न चाललेला खटला

आधीच सांगून टाकतो, कारण मी गोष्ट सांगायला बसलो की आडवाटेला लागतो आणि ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. लियांगरावांना एक निकाल पाहिजे होता. आपल्या वडिलांनी काही गुन्हा केला होता की नव्हता, एवढं कुठल्या तरी कोर्टानं कागदावर लिहून द्यावं, बास. सात वर्षांचे असल्यापासून ते वाट बघत होते. आता सत्तरीला आले, बायको गेली, दुबईचा व्हिसा संपत आला, आणि मे महिन्यात ते लेकीकडं टोरांटोला कायमचे निघाले होते. जाण्याआधी तो कागद हातात पडावा, एवढीच त्यांची धडपड. त्या धडपडीचं आपल्या माणसांनी काय केलं ते मी सांगणार आहे. माझं डोकं अजून शांत झालेलं नाही, तेव्हा एखादा शब्द वाकडा गेला तर सांभाळून घ्या.

आमची गाठ पडली ती माझ्या कवळीमुळं. मी जातीचा आणि धंद्याचा न्हावी. कोल्हापूरकडच्या आमच्या गावात बापाचं दुकान होतं, ते पुढं मी चालवलं, आणि त्या दुकानावर पोरगा निनाद इंजिनियर होऊन शारजाला हमरिया फ्री झोनमध्ये लागला. दर हिवाळ्यात मी त्याच्याकडं येतो ते उन्हाळा लागेपर्यंत राहतो. यंदा सूनबाई अपर्णानं तिळाची चिक्की केली. चिक्की चांगली झाली, कवळीचे दोन तुकडे झाले. निनादनं कुठल्या तरी क्लिनिकला फोन लावला. नवी कवळी बाराशे दिरहम, म्हणजे अठ्ठावीस हजार रुपये. मी म्हटलं, एवढ्यात गावाकडं म्हैस येते, आणि ती स्वतःच्या दातांनी खाते. 

दुबईच्या मीना बाजारात माझी पायजम्याची शिलाई करणारा वली म्हणून एक टेलर आहे. तो म्हणाला, चाचा, खाडीपलीकडं देरात एक चिनी बुढ्ढा आहे, कवळ्या बनवतो, जोडूनही देतो, आणि तुमचीच बोली बोलतो. मला वाटलं थट्टा करतोय. तरी अब्रात, म्हणजे इथल्या होडीत, बसलो, खाडी ओलांडली, पत्ता विचारत एका जुन्या इमारतीच्या मागच्या बाजूला पोचलो. आत प्लास्टरची पांढरी धूळ, टेबलावर ओळीनं जबडे मांडलेले, आणि त्यामागं एक बारका, गोरा, मिचमिच्या डोळ्यांचा म्हातारा मेण तापवत बसलेला. मी हिंदीत तोडकं-मोडकं सुरू केलं. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, रुमालातले तुकडे बघितले आणि म्हणाला, "काय वो, वरचा मजला ढासळला व्हय?"

मला जो आनंद झाला म्हणता. दुबईत मराठी माणसं ढिगानं आहेत, पण सगळी पुण्या-मुंबईची. असली तांबड्या मातीतली बोली या मुलखात मी पहिल्यांदाच ऐकली. मी विचारलं, तुमचं गाव कुठलं? म्हणाले, लहानपण तिकडंच गेलं, तुमच्याच बाजूला. जास्त काही बोलले नाहीत. माझं आपलं चालू झालं. माणूस गप्प बसला की मला अजून चेव येतो.

आता मी जी गोष्ट त्यांना सांगितली ती मी आयुष्यात हजार वेळा सांगितली आहे. लग्नात सांगितली, बारशाला सांगितली, एकदा मयतीच्या जेवणातसुद्धा सांगितली आणि लोक हसले. गोष्ट अशी. बासष्ट साली चीनची लढाई झाली तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावात एक चिनी दातवाला होता. त्याला पोलिसांनी उचललं आणि त्याच्या दुकानातलं सामान लिलावात निघालं. माझा बाप लिलावाला गेला होता घंगाळं घ्यायला, आणि घेऊन आला दात काढायची खुर्ची. लोखंडी, ही वजनदार, पायानं दाबलं की वर उचलायची, दांडा ओढला की माणूस मागं आडवा. आमच्या दुकानात ती खुर्ची बसली आणि पंचक्रोशीतली गिऱ्हाईकं आली. दाढीला कोण येतंय, आडवं व्हायला येत होती. सरपंच पहिल्यांदा बसले तेव्हा बापानं दांडा जोरात ओढला, सरपंचांचे पाय आढ्याला आणि धोतर कुठल्या कुठं. इथं लोक हमखास हसतात. बाप वर म्हणायचा, चीननं हिमालय घेतला, आपण खुर्ची घेतली.

ही गोष्ट मी लियांगरावांना सांगितली. मुद्दाम सांगितली. मला वाटलं, चिनी माणूस आहे, त्याला त्याच्यातल्याच माणसाची गोष्ट ऐकून बरं वाटेल.

ते हसले नाहीत. कानशीनं माझी कवळी घासत होते, ती थांबवली. विचारलं, "खुर्चीच्या डाव्या हाताला ठिगळ होतं का? हिरव्या रेक्झिनचं?"

होतं. लहानपणी मी ते नखानं उचकटायचो आणि बापाचा मार खायचो. मी म्हटलं, होतं की, तुम्हाला कसं माहीत.

"माझ्या आईनं शिवलं होतं," ते म्हणाले आणि परत घासायला लागले.

साठ वर्षं मी जी गोष्ट सांगून हशा वसूल केला, ती त्यांच्या घराची होती. मला उठताही येईना, बसवेनाही. त्यांनी कवळी धुतली, माझ्या हातात दिली आणि गुरुवारी फिटिंग बघायला या म्हणाले. पैसे काढले तर हात जोडले.

गुरुवारी जाऊ नये असं वाटत होतं. गेलो. त्यांनी काळा चहा केला आणि स्वतःहून सांगायला लागले. तीन-चार गुरुवार ते सांगत होते आणि मी, जो कुणाला बोलू देत नाही तो, ऐकत होतो.

त्यांचे आजोबा चीनमधून कलकत्त्याला आले. वडील, लियांग ते-श्यान, जन्मले कलकत्त्यात, दातांचं काम शिकले आणि कुणी तरी सांगितलं की दक्षिण महाराष्ट्रात गुळाचा मुलूख आहे, तिथं दात लवकर पडतात, म्हणून आमच्या तालुक्याला आले. लियांगराव जन्मले तिथल्याच सरकारी दवाखान्यात. मराठी शाळेत बिगरीत बसले. पहिलीत पाढे म्हणण्यात पहिला नंबर. बासष्टच्या नोव्हेंबरात भर दुपारी पोलीस आले. दोन दिवसांचं काम आहे, दोन कपडे घ्या म्हणाले. आईनं तांदूळ भिजत घातले होते, ते तसेच राहिले. पोरगं पाटी-दप्तर घेऊन निघालं, कारण परवा शाळेत बाराचा पाढा होता. शाळेवरून जाताना गुरुजी दारात उभे होते, ते आत गेले.

दोन दिवसांची चार वर्षं झाली. राजस्थानात देवळी म्हणून जागा आहे, तिथं तारेच्या कुंपणात सगळीकडून आणलेली तीनेक हजार चिनी वंशाची माणसं ठेवली होती. जाताना एका स्टेशनावर लोकांनी गाडीवर दगड टाकले. लियांगरावांच्या आईच्या कपाळाला खोक पडली, ती खूण मरेपर्यंत होती.

हे कशाच्या जोरावर केलं? तेव्हा कायदा झाला होता. ज्या देशानं आपल्यावर हल्ला केला, त्या देशाचा नागरिक ज्याचा बाप, आई किंवा आजा-आजींपैकी एक जण जरी कधीकाळी असेल, तो परका धरायचा. आजा, म्हणजे तुमचा आजोबा कुठल्या देशाचा होता यावर तुम्ही तुरुंगात. मी स्वतः आजोबा आहे हो. माझ्या नातीला माझ्या गावावरून कुणी उचललं तर मी काय करीन, हा विचार डोक्यातून जाईना. आमच्या गावात चोरांचे, दरोडेखोरांचे नातू आहेत, त्यातला एक पतपेढीचा चेअरमन आहे. त्यांना कुणी आजा विचारत नाही.

छावणीतली एक गोष्ट सांगतो. तिथल्या एका शिपायाची दाढ सुजली. डॉक्टर लांब. शेवटी तो आला लियांगरावांच्या वडिलांकडं. हत्यारं तर सगळी लिलावात गेलेली. कोठीतली साधी पक्कड आणली, उकळली, आणि शिपायानं आ वासला. आता बघा, ज्याला देशाला धोका म्हणून हजार मैलांवर आणून कोंडला, त्याच्या हातात पक्कड आणि सरकारचं तोंड उघडं. दाढ निघाली. शिपाई रडला, पाया पडला, आणि रात्रीच्या हजेरीला परत त्यालाच नंबरानं हाक मारली.

वडिलांनी छावणीतून अर्ज लिहायला सुरुवात केली. इंग्रजी चांगलं होतं. मी काय केलं ते कळवावं, माझं प्रकरण कोर्टापुढं ठेवावं. एकेचाळीस अर्ज लिहिले. एकाचंही उत्तर नाही. सहासष्टला सोडलं तेव्हाही का सोडलं ते लिहिलं नाही. पुढं वर्षानुवर्षं पोलीस ठाण्यात हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी काढायची. लियांगरावांनी भारतात जन्मून भारताच्या पासपोर्टासाठी चौदा वर्षं खेटे घातले, तेव्हा कुठं दुबईला आले. वडील त्याआधीच मुंबईत वारले. शुद्ध जाता जाता विचारत होते, निकाल काय लागला.

मी म्हटलं, सुटल्यावर तुम्ही गावाला आलाच नाहीत का?

आले होते. मुलाला घेऊन वडील एकदा तालुक्याला आले. दुकानात किराणावाला बसला होता. खुर्ची कुठं गेली ते त्यानं सांगितलं. मग चालत आमच्या गावाला आले, आमच्या दुकानाबाहेर अर्धा तास उभे राहिले, आत आले आणि म्हणाले, दाढी. माझ्या बापानं ओळखलं नाही. लियांगराव बाकावर बसून बघत होते. त्यांचे वडील स्वतःच्या खुर्चीत आडवे झाले, डोळे मिटले, दाढी करून घेतली, पैसे दिले आणि गेले.

"फेस लावायला एक पोरगं होतं," लियांगराव म्हणाले. "पंधरा-सोळाचं. लई बडबडत होतं."

मी मान खाली घातली. त्या खुर्चीचं काय झालं म्हणून त्यांनी विचारलं. एक्याण्णव साली नव्या फिरत्या खुर्च्या घेतल्या तेव्हा मी ती भंगारवाल्याला दिली, असं सांगितलं. ते म्हणाले, बरं केलं.

आता नातीचं. मिहिका अकरावीत आहे, इथंच जन्मली, मराठी कळतं सगळं, उत्तर इंग्रजीत. तिला वकील व्हायचं आहे. इथल्या मराठी मंडळात महाराष्ट्र दिनाला दर वर्षी अभिरूप न्यायालय असतं. एरवी विषय कसले, तर बायकोचा वाढदिवस विसरलेल्या नवऱ्यावर खटला. यंदा पोरांनी हट्ट धरला की खरा निकाल घेऊ. त्यांनी निवडला अमेरिकेचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं जपानी वंशाच्या लाखभर लोकांना घरातून काढून छावण्यांत घातलं. अमेरिकेतच जन्मलेल्या एका पोरानं जायला नकार दिला, तर त्यालाच शिक्षा. तो वरच्या कोर्टापर्यंत गेला आणि चव्वेचाळीस साली कोर्टानं सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की सरकारचं बरोबर. मंडळाचे अध्यक्ष चारुदत्त खूश झाले. अमेरिकेला शिव्या द्यायच्या, सेफ विषय.

मिहिकाकडं सरकारची बाजू आली होती. तिची भाषणं मराठीत करून द्यायचं काम माझं. लढाईत कोण इमानी आणि कोण हेर हे निवडत बसायला सरकारला वेळ नसतो, हे वाक्य मी माझ्या हातानं लिहिलं आणि तोंड कडू झालं. तिला लियांगरावांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ओके, बट आबा, केसचं नाव काय?" मी म्हटलं केसच नाही. "देअर हॅज टु बी अ केस." दोन दिवस ती कॉम्प्युटरवर शोधत होती. लियांग ते-श्यान या नावापुढं काहीच नाही. मग मी तिला घेऊन देराला गेलो.

तिनं लियांगरावांना अमेरिकेचं पुढचं सांगितलं. चाळीस वर्षांनी खालच्या कोर्टानं त्या माणसाची शिक्षा पुसली, आणि अलीकडं खुद्द वरच्या कोर्टानं लिहिलं की तो निकाल दिला त्या दिवशीच चुकीचा होता. लियांगराव ऐकत राहिले. मग म्हणाले, "पोरी, त्यांचं नशीब बघ. त्यांना चुकीचा का होईना, निकाल मिळाला. तो खोडता तरी आला. आमचं कोण काय खोडणार?"

आणि त्यांनीच विचारलं, "तुमच्या खोट्या कोर्टात चालंल का माझं? खोटं असलं तरी चालतंय मला. फक्त लिहून द्या."

मी त्याच संध्याकाळी चारुदत्तांना भेटलो. मोठे मॅनेजर आहेत, बोलायला गोड. म्हणाले, आबा, फार टचिंग स्टोरी आहे, पण आपण इथं गेस्ट आहोत, इंडियाचा विषय कशाला मधे आणायचा. मी म्हटलं, मग अमेरिकेचा कसा चालतो? ते म्हणाले, तो हिस्टरी आहे. मी म्हटलं, हा माणूस सत्तर वर्षांचा आहे, हिस्टरी व्हायला किती दिवस लागतात? तर हसून खांद्यावर हात ठेवला, आबा, तुम्ही म्हणजे ना. त्यांना प्रेक्षकांत बसवू, पुढच्या रांगेत, पुष्पगुच्छ देऊ. खलास. घरी निनादनंही तेच. आबा, आपण व्हिसावर आहोत, उगाच वाढवू नका. मी त्याला एवढंच म्हटलं की तुझ्या इंजिनियरिंगची पहिली फी त्या खुर्चीवर मिळाली होती. तो जेवता जेवता उठून गेला. मला वाईट वाटलं, पण बोललो ते खरं होतं.

रविवारी दुपारी बर दुबईतल्या हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. दीडशे माणसं, फेटे, नऊवाऱ्या. लियांगराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, खिशाला पेन. न्यायाधीश होते उपेंद्र, एका कंपनीचे कायदा सल्लागार, काळी शाल पांघरून बसले होते. पोरांनी झकास काम केलं. मिहिका सरकारतर्फे उभी राहिली, पण त्या इमानी आणि हेरच्या वाक्यापाशी तिनं पुढच्या रांगेकडं बघितलं. तरी पुरं बोलली. उपेंद्रांनी निकाल दिला, चव्वेचाळीसचा निर्णय रद्द, वंशावरून कुणालाही कोंडणं हा अन्याय. काय टाळ्या. मागून कुणी तरी म्हणालं, ही अमेरिका जगाला अक्कल शिकवते. बाजूला बसलेल्या बाईंनी डोळे पुसले. पुढच्या रांगेत लियांगराव हात मांडीवर ठेवून बसले होते.

मी उभा राहिलो. म्हटलं, न्यायमूर्ती, मी एका दुसऱ्या खटल्यातला साक्षीदार आहे. माझ्या बापानं एका निरपराध माणसाची खुर्ची लिलावात घेतली आणि मी ती तीस वर्षं वापरली. त्या माणसाचा मुलगा या हॉलमध्ये बसला आहे. त्याच्या वडिलांना का धरलं, हे याच कोर्टानं आता ठरवावं.

उपेंद्र वाईट माणूस नाही, त्याचा चेहरा पडला. त्यानं चारुदत्तांकडं बघितलं. मग म्हणाला, "आबा, हे कोर्ट अमेरिकेचं आहे. तुमचा विषय आमच्या अधिकारक्षेत्रात येत नाही."

कुणी तरी हसलं. मग सगळे हसले, कारण सगळ्यांना हसायला काही तरी हवंच होतं. चारुदत्तांनी माइक घेतला, "यल्ला, चला, जेवण तयार आहे, आज श्रीखंड आहे," आणि दीडशे माणसं ताटांकडं वळली. दोन मिनिटांपूर्वी डोळे पुसणारी बाई माझ्यासमोरून पुरी घेऊन गेली. सांगतो तुम्हाला, आयुष्यात वस्तरा हातात धरून मी हजारो गळ्यांवर फिरवला, कधी राग आला नाही. त्या दिवशी वस्तरा जवळ नव्हता ते बरं. अमेरिकेच्या कोर्टाला निदान वाटलं की आपल्यापुढं माणूस उभा आहे, त्याला हो किंवा नाही म्हटलं पाहिजे. आमच्या खोट्या कोर्टालासुद्धा तेवढी हिंमत नाही. कुणाचं काय जाणार होतं? शालीचा न्यायाधीश, पुठ्ठ्याचा हातोडा, आणि त्यातूनही आम्ही एका म्हाताऱ्याला तारीखसुद्धा देऊ शकलो नाही.

लियांगराव उठले, माझ्यापाशी आले आणि म्हणाले, चला, श्रीखंड खाऊ, कवळीला बाधत नाही. मला समजावत होते ते. मला.

तेवढ्यात मिहिका आली, काळा कोट अजून अंगात. "आय'म सॉरी," म्हणाली. लियांगरावांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढं धरलं. "तू लिहितीस का?"

"मी? बट आय वॉज द गव्हर्न्मेंट, अंकल."

"म्हणून तर. दुसऱ्यानं लिहून काय उपयोग? सरकारनंच लिहायला पाहिजे."

तिथंच ताटांच्या एका टेबलाची कड मोकळी करून ती बसली. पोरीला मराठी लिहायची सवय नाही, वेलांट्या मला विचारत होती, वाक्यं मात्र तिची. अर्धा तास लागला. लोक मागून ताटं घेऊन जात होते. तिनं लिहिलं ते असं:

"लियांग ते-श्यान, दाताचे डॉक्टर, यांनी काही केलं नव्हतं. सरकारकडे पुरावा नव्हता. त्यांनी एकेचाळीस वेळा विचारलं आणि सरकारनं एकदाही उत्तर दिलं नाही. त्यांना, त्यांच्या बायकोला आणि मुलाला धरणं चूक होतं. ज्या दिवशी धरलं त्या दिवशीच चूक होतं. सरकारतर्फे, मिहिका."

लियांगरावांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग तीस वर्षं आखातात काढलेला कुठलाही माणूस जे विचारेल तेच त्यांनी विचारलं. शिक्का? इथं शिक्क्याशिवाय घरभाड्याची पावतीसुद्धा कुणी हातात घेत नाही. मंडळाचा शिक्का चारुदत्तांच्या बॅगेत असतो. मी गेलो. ते हात धुऊन आले, कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. "आबा, स्टॅम्प नाही देता येणार. मंडळाचं नाव येतं त्यात. प्लीज समजून घ्या." त्यांना मी काय म्हणालो ते इथं लिहीत नाही, छापता येणार नाही.

लियांगराव मागंच उभे होते. ते चारुदत्तांना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब. आम्हाला उचललं त्या कागदावर चांगला गोल शिक्का होता. काय उपयोग झाला?" मग मिहिकाला म्हणाले, तारीख घाल आणि पूर्ण नाव लिही, बापाचं आणि आजाचंही. तिनं तिन्ही नावं लिहिली. माझंही नाव त्या कागदावर आहे.

ते पुढच्या बुधवारी टोरांटोला गेले. कागद सामानात टाकला नाही, पासपोर्टाबरोबर हातात ठेवला. जाण्याआधी मी विचारलं की मी याचा फोटो काढून लोकांना दाखवला तर चालेल का. म्हणाले, दाखवा की, त्यासाठीच तर पाहिजे होता.

मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी चारुदत्तांनी टाकलं, अभिरूप न्यायालय यशस्वी, सर्वांचे आभार. आमच्या वयाची माणसं रोज सकाळी तिथं सुप्रभात टाकतात, गुलाबाचं फूल, वाफाळता कप. मीही टाकायचो. गुरुवारी सकाळी मी फुलाऐवजी मिहिकाचा कागद टाकला. चारुदत्तांनी काढून टाकला. शुक्रवारी परत टाकला, परत काढला. निनाद म्हणाला, आबा, बास करा. मी म्हटलं, लियांगरावांच्या बापानं एकेचाळीस अर्ज केले, माझे अजून दोनच झालेत.

नवव्या सकाळी कागद टाकला आणि मलाच ग्रुपमधून काढलं. म्हणून हे सगळं इथं लिहिलं. हा माझा दहावा अर्ज.